सतरा नंबरची वही

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हा दोघांपैकी धाकटीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तो टाळला. "नंतर सांगते, आधी जेवलीस का ते सांग," म्हणाले. मी प्रश्न टाळणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे. दोघांनाही लिहिते आहे, कारण हर्नडनला राहणाऱ्या थोरल्यालाही हे कोणी कधी नीट सांगितलेलं नाही.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठात, धाकटीच्या वर्गात सध्या एक विषय चालू आहे: शेजारच्या देशांच्या सामाईक नद्या, आणि त्यांचे पूर हाताळायचे कसे. त्यासाठी वाचायला दिलेल्या अहवालांत आमच्या नदीचा एक निघाला. त्यात मधेच कुठेतरी एक ओळ आहे. 'स्थानिक स्वयंसेवी निरीक्षकाने मे महिन्यात नोंदी घेणे थांबवले होते. जूनमध्ये पुराआधी त्या ठिकाणाहून कोणतीही नोंद मिळाली नाही.' "आजी, वॉज दॅट यू?" तिने विचारलं. इतकं हळू विचारलं, की जणू मी कुठे काही चोरलं होतं आणि ते नेमकं तिच्याच हाती लागलं होतं.

हो, ती निरीक्षक मीच. आणि ती ओळ खोटी आहे. ती कोणामुळे लिहिली गेली ते मला माहीत आहे, आणि त्या माणसाचं मी काय केलं तेही आता सांगते.

मराठीत लिहायला कारण आहे. रविवारच्या रविवार तुम्हाला बाराखडी गिरवायला लावली ती फुकट जाऊ नये, हे एक. दुसरं म्हणजे, या प्रकरणावर मी इंग्रजीत एकेचाळीस पत्रं लिहिली. सगळ्यांच्या प्रती फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या आहेत, आणि त्या सगळ्यांत मी फार सभ्य आहे. शाळेत मला इंग्रजी शिकवलं ते आभार मानायला आणि खेद व्यक्त करायला. रागवायला मी घरी शिकले, मराठीत.

तर नदी. ती कॅनडात उगम पावते, खाली येऊन आमच्या नॉर्थ डकोटात शिरते, इथे एक मोठं वळण घेते आणि पुन्हा कॅनडात जाते. म्हणजे वर ते, खालीही ते, मधल्या वळणावर आम्ही. वरची धरणं त्यांच्या हद्दीत आहेत, आणि ती कशी चालवायची याचा दोन्ही देशांत करार आहे. हिवाळा संपता संपता साठलेलं बर्फ मोजायचं, त्याचं पाणी किती होईल याचा अंदाज करायचा आणि तेवढी जागा धरणात आधीच रिकामी करून ठेवायची. बर्फ वितळून ते पाणी खाली गेलं की उन्हाळ्यासाठी धरण पुन्हा भरून घ्यायचं. करार शहाण्या माणसांनी केलेला होता. पण ती सगळी बर्फाच्या मुलखातली माणसं. पूर म्हणजे वितळलेलं बर्फ, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की आभाळातूनही पाणी पडतं हे करारात नीट मांडायचंच राहून गेलं होतं.

मी सांगलीची. घाटाच्या किती पायऱ्या कोरड्या उरल्या ते शाळेत जाण्याआधी बघून येणं हे लहानपणी आमचं काम होतं. पाणी वरून येतं, दुसऱ्याच्या दरवाजांतून येतं, आणि वरचा खालच्याला व खालचा वरच्याला दोष देत राहतो, हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. तुमच्या आजोबांना इथल्या लहानशा कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही नदीकाठच्या तेरा घरांच्या गल्लीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मागच्या जुन्या पुलाच्या खांबावर पाणी मोजायची पट्टी पाहिली. पांढरी, तिच्यावर काळे आकडे. इंच नाहीत त्यात. फूट आणि फुटाचे दहा भाग. तिची नोंद घ्यायला गावच्या पूर-समितीला कोणीतरी हवं होतं. "हिला द्या," तुमचे आजोबा म्हणाले. "ही फ्रिजमधल्या डब्यांवरसुद्धा तारखा घालते."

रोज सकाळी सातला मी पुलावर जात असे. आकडा वहीत लिहायचा आणि घरी येऊन फोन उचलायचा. पलीकडे, कॅनडात, धरणाच्या खालच्या गावात अशीच एक पट्टी होती आणि ती वाचणारी एक शेतकरीण होती. आमची ओळख दोन्ही देशांच्या वार्षिक बैठकीत झाली. ही बैठक एक वर्ष त्यांच्याकडे होते, एक वर्ष आमच्याकडे. तिथे आम्हा दोघींनाच कागद सरळ रेषेत लावून ठेवायची सवय आहे हे आमच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी माझा आकडा तिला सांगायची, ती तिचा मला. तिचा मीटरमध्ये, माझा फुटांत. दोघीही दोन्ही आकडे लिहायचो. ते काम दोन मिनिटांचं होतं. फोन वीस मिनिटं चालायचा.

"तुमच्या सातसाठी मला सहाला उठावं लागतं," ती दर मार्चला कुरकुरायची. तिच्या प्रांतात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. आमची वसंतात एक तास पुढे जातात. "आमच्या गाईंना हे अजून पटलेलं नाही."

"मग गाईंना म्हणावं, वॉशिंग्टनला पत्र लिहा."

"त्यांनी लिहिलंय. उत्तर नाही आलं."

तिच्या वासरांची नावं मला पाठ होती. माझं कैरीचं लोणचं तिच्या नवऱ्याला झेपत नसे, पण तो दर वर्षी बरणी मागून घेई.

आता आमचा अध्यक्ष. गावच्या पूर-समितीचा अध्यक्ष म्हणून तो वीस वर्षं निवडून येत होता. उंच, गोरापान, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. नदीकाठच्या मैदानावर जूनमध्ये गावची जत्रा भरते, तिचाही प्रमुख तोच. माझे बटाटेवडे त्याने वीस वर्षं समोसे म्हणून खाल्ले. मी दर वेळी दुरुस्त केलं. तो दर वेळी हसला.

त्या वर्षी बर्फ भरपूर होतं. वितळलं, पाणी सरळ निघून गेलं, काही बिघडलं नाही. मेमध्ये अध्यक्षाने स्थानिक पेपरात जाहीर करून टाकलं की पुराचा सीझन संपला. मलाही फोन आला: नोंदी बंद करा, पुढच्या मार्चला भेटू. समितीची रीतच तशी होती. मी बंद केल्या नाहीत. पलीकडची ती शेतकरीण, माझी मैत्रीण, तीही बंद केल्या नाहीत म्हणाली, कारण तिला आता सहाला जाग येतच होती.

जूनमध्ये वर पाऊस लागला. थांबेना. "धरण काठोकाठ आहे," मैत्रीण एका सकाळी म्हणाली. त्या दिवशी तिने वासरांचा विषय काढला नाही. "उन्हाळ्यासाठी भरून ठेवलं होतं, करारात आहे तसं. आता जागा नाही. दरवाजे उघडताहेत. तू तुझ्या माणसांना सांग."

तिच्याकडून पाणी आमच्यापर्यंत यायला चार दिवस लागतात. हे लक्षात ठेवा. चार दिवस होते.

मी अध्यक्षाला फोन केला. आकडे सांगितले.

"हे कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

"पलीकडची निरीक्षक. आणि माझी पट्टीही कालपासून चढते आहे."

"पण बर्फ तर केव्हाच गेलं. आता कसला पूर? हा काही तुमचा मान्सून नाही," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. "शनिवारी जत्रेला या. ते समोसे आणा."

दुसऱ्या दिवशी त्याच्या निरोप घेणाऱ्या यंत्राने फोन उचलला. मी तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे सांगून ठेवले. तिसऱ्या दिवशी रेनकोट घालून, वही घेऊन मी मैदानावर गेले. सतरा नंबरची वही होती ती, निळ्या पुठ्ठ्याची. अध्यक्ष शिडीवर चढून पताका बांधत होता. मी खालून पान उघडून दाखवलं. तो उतरला, चष्मा लावला, पान बघितलं आणि वही मिटून काखेत मारली.

"मी बघतो. तोवर एक करा, गल्लीत याबद्दल बोलू नका. लोक उगाच घाबरतात."

"वही परत हवी मला."

"अर्थात."

मी घरी आले. "प्रत काढली होतीस?" तुमच्या आजोबांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मुलांनो, वाणसामानाच्या यादीचीसुद्धा कार्बन कॉपी ठेवणारी मी, ती एकच वही प्रत न काढता देऊन आले.

आणि मी गल्लीत बोलले नाही. निरीक्षकाने समितीला सांगायचं, परस्पर बभ्रा करायचा नाही, असा नियम होता आणि मला नियम पाळायची सवय. त्या माणसावर मी पुढे जो सूड उगवला त्यातला थोडा वाटा माझ्यावर उगवायचा होता, हे मला माहीत आहे. पण मी माझ्या कायम हाताशी होते, तो निसटला असता, म्हणून आधी त्याच्यामागे गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भोंगे वाजले. कोणाला काय उचलायचं ते ठरवायला तासभरच मिळाला. मी आधीच्या सोळा वह्या गाडीत टाकल्या. "दागिने?" आजोबांनी विचारलं. "आधी वह्या," मी म्हणाले. ते दागिने घ्यायला परत आत गेले, तेवढ्यात फुटपाथवर पाणी आलं होतं.

कोणी मेलं नाही. बाकी सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही घरात शिरलो तेव्हा जिन्याच्या नवव्या पायरीवर चिखलाची रेघ होती. समोरच्या घरातली बाई, जिच्याशी मी अकरा वर्षं रोपं आणि वाट्यांची देवाणघेवाण केली, ती तिच्या आईने शिवलेल्या गोधड्या अंगणात पसरत होती. त्यांचा चिखलाचा गोळा झाला होता. मी मदतीला गेले. तिने हात मधे धरला.

"तू रोज सकाळी त्या पुलावर जायचीस. एक शब्द बोलली असतीस."

मी म्हणाले, मी समितीला सांगितलं होतं. ती म्हणाली, अध्यक्ष तर म्हणतात तू मेमध्येच काम सोडलंस.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो काय सांगत फिरतो आहे. पुढे चौकशी झाली तेव्हा त्याने तेच सांगितलं: नोंदी मेमध्ये बंद, जूनमध्ये काही आलं नाही, आणि खरा दोष पलीकडच्या देशाचा, त्यांनी न कळवता पाणी सोडलं. गावाला ते पटलं. गावभर दुकानांच्या खिडक्यांत पाट्या लागल्या, 'आम्हाला कॅनडाने बुडवलं'. मी वहीची गोष्ट सांगितली. "कुठली वही?" तो म्हणाला. अगदी सहज, पाठीवर थाप मारतात तसं.

अहवाल छापून आला. तुमच्या आजोबांनी ती ओळ वाचली आणि तिच्याभोवती लाल पेनने गोल काढला, जसा ते पेपर तपासताना चुकलेल्या पायरीला काढत. मग घर पाडलं गेलं. आमच्या गल्लीची सगळी जागा नव्या बांधासाठी घेतली. आम्ही भाड्याच्या एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहिलो आणि दुसऱ्या हिवाळ्यात आजोबा गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी काय म्हणते ते एकेचाळीस पत्रांत लिहिलेलं नाही, इथे लिहिते: त्यांना त्या माणसाने नेलं.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, लेट इट गो. इकडे हर्नडनला ये. सुट्टीत तुला आयसेलिनच्या देशी बाजारात नेतो, चार साड्या घे, वरणभात मिळेल अशा हॉटेलात जेवू." मी गेले नाही. टेकडीवर म्हाताऱ्यांसाठी एक इमारत आहे, तिथे खोली घेतली. आजी त्या थंडीत एकटी का राहते, असं तुम्ही लहानपणी विचारायचात. तेव्हा मी सांगत असे की मला बर्फ आवडतं. मला बर्फ अजिबात आवडत नाही. तो माणूस त्या गावात होता, म्हणून मी त्या गावात राहिले.

मी ठरवलं होतं की तो दिसेल तिथे त्याला दोनच शब्द बोलायचे. किराण्याच्या दुकानात तो टोमॅटो निवडत असे. मी शेजारी उभी राहून म्हणे, "माझी वही?" औषधाच्या दुकानात रांगेत: "माझी वही?" चर्चच्या जेवणाला मला कोणी तरी नेलं, तिथे तो ताटात बटाटे वाढून घेत होता. पाठीमागून मी, "माझी वही?" आवाज कधी चढवला नाही. शेवटी नेहमी 'प्लीज' म्हटलं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्या वर्षी हसणं बंद झालं. तिसऱ्या वर्षी त्याने किराण्याचा वार बदलला, गुरुवारचा सोमवार केला. मीही सोमवार केला. एकदा त्याची बायको मला गाठून म्हणाली, "तुम्ही त्याला छळता." मी म्हणाले, "हो." याचा मला आनंद होत असे. सात्त्विक आनंद नव्हे. चांगला झणझणीत.

आठ वर्षं अशी गेली. मग पेपरात आलं की नवा बांध पूर्ण झाला आहे, त्याच्यावर फिरायला रस्ता केला आहे आणि त्या रस्त्याला अध्यक्षाचं नाव द्यायचं ठरलं आहे. ते त्या वर्षीच्या दोन्ही देशांच्या बैठकीत जाहीर होणार होतं, आणि बैठक आमच्याकडे होती. रस्ता कुठून जाणार त्याचा नकाशा छापला होता. आमचं स्वयंपाकघर होतं तिथूनच.

मी पेपर घडी करून ठेवला. हातात काय आहे याचा विचार केला. एकेचाळीस पत्रं, शून्य पुरावा. आणि मग मला ते सुचलं, जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही याची मला आजही लाज वाटते.

पुरानंतर माझ्या मैत्रिणीने मला फोन केले होते. चार-पाच वेळा. मी एकही उचलला नाही. गावाने 'कॅनडाने बुडवलं' म्हटलं तेव्हा मला माहीत होतं की ते खोटं आहे, तरी रागाला हद्द कळत नाही. तिचं धरण, तिचं पाणी, असं काहीतरी माझ्या मनात बसलं होतं. आठ वर्षं मी एका माणसावर डोळा ठेवून बसले, आणि ज्या बाईने माझा प्रत्येक आकडा ऐकून लिहून घेतला होता तिच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सातला फोन लावला. एकाच घंटीत उचलला गेला.

"मी बोलते आहे," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "आठ वर्षं लागली. मी सहाला उठतेच आहे अजून."

मी माफी मागितली. इंग्रजीत मला ती चांगली येते. तिने ती अर्ध्यात तोडली आणि काय हवं ते विचारलं. मी विचारलं, त्या जूनच्या वह्या आहेत का?

"आमच्याकडे काही टाकत नाहीत. नवऱ्याने मेलेल्या ट्रॅक्टरच्या चाव्या ठेवल्या आहेत. वही आहे. डावीकडे माझे आकडे, उजवीकडे तुझे."

बैठकीला ती वॉकर घेऊन आली. नवरा गाडी चालवत होता, आणि त्याने आल्या आल्या विचारलं की लोणचं आणलंय का. आणलं होतं.

शाळेच्या सभागृहात बैठक होती. टेबलावर दोन्ही देशांचे छोटे झेंडे, कॉफी, डोनट. बोलण्यासाठी नाव नोंदवायचं असतं, मी पहिलं नोंदवलं होतं. मी मैत्रिणीची वही उघडली आणि जूनची तीन पानं वाचली. तारीख, वेळ, डावा आकडा, उजवा आकडा. उजव्या आकड्याखाली तिने प्रत्येक दिवशी शेरा लिहिला होता. पहिल्या दिवशी: 'तिच्या अध्यक्षांना कळवते म्हणाली.' दुसऱ्या: 'निरोप ठेवला.' तिसऱ्या: 'आज वही घेऊन स्वतः जाते आहे.' मला माहीतच नव्हतं की ती हे लिहीत असे. तिसरा शेरा मी दोनदा वाचला.

अध्यक्ष उठला. म्हातारा झाला होता, मीही झाले होते. त्याने वही मागितली. मी दिली नाही, धरून दाखवली. त्याने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"इथे सगळीकडे वेळ सहा लिहिली आहे," तो सभेला म्हणाला. "या बाई तर इतकी वर्षं सांगतात की त्या सातला वाचतात. हे सहाचे आकडे यांचे कसे? नंतर बसून लिहिलेली वही आहे ही."

सभागृहाच्या कॅनडाच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. मग ती अख्खी बाजू.

मी त्याला हसू थांबेपर्यंत उभं राहू दिलं. घाई केली नाही. मग म्हणाले, "त्यांच्या प्रांतात घड्याळ हलवत नाहीत. आपले उन्हाळ्यातले सात म्हणजे त्यांचे सहा. तुम्ही इतकी वर्षं या दोन देशांच्या पुराचं काम बघता. पाणी किती वाजता सोडलं असं ते सांगायचे तेव्हा तुम्ही काय समजत होता?"

मुलांनो, या वाक्यासाठी मी आठ वर्षं बर्फात राहिले असं म्हटलं तरी चालेल. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, आणि तो मी मुद्दाम आठवते, विशेषतः सकाळी चहाबरोबर.

मागून खुर्ची सरकली. समोरच्या घरातली, गोधड्यावाली बाई उभी राहिली होती. "निळी वही होती," ती अध्यक्षाला म्हणाली. "मी ॲपल पायच्या स्टॉलवर टेबलं मांडत होते. ही रेनकोट घालून आली, तुम्ही शिडीवरून उतरलात आणि वही काखेत घातलीत." अध्यक्ष म्हणाला, मला आठवत नाही. ती म्हणाली, मला आठवतं.

नंतर कॉफीच्या टेबलाशी ती माझ्याकडे आली आणि रडू लागली. आपण खूप आधी बोलायला हवं होतं, म्हणाली. मी म्हणाले, "हो, हवं होतं," आणि डोनट घ्यायला वळले. तिला आठवत होतं तर आठ वर्षं ती गप्प का बसली? मला ती बाई अजून आवडत नाही. रस्त्यात भेटली तर मान हलवते, तेवढंच.

त्यानंतर अहवालाला एक पान जोडलं गेलं. त्यात लिहिलं आहे की स्थानिक निरीक्षकाने जूनमध्ये नोंदी घेतल्या आणि वेळेवर कळवल्या, समितीने त्या पुढे पाठवल्या नाहीत. धाकटे, ते पान वेगळ्या फाइलमध्ये आहे, म्हणून तुझ्या सरांना मिळालं नसेल. मी या पत्राबरोबर पाठवते आहे. त्यांना दे, आणि वर्गासमोर दे. दोन्ही देशांच्या योजनेत आता पावसाचाही हिशेब धरतात, आणि पट्टीच्या नोंदी मेमध्ये बंद होत नाहीत, जुलैअखेरपर्यंत चालतात. बांधावरच्या रस्त्याला नाव दिलं गेलं नाही. अध्यक्ष पुढच्या हिवाळ्यात त्याच्या मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला. तिथे नदी कोरडी असते म्हणे.

माझी वही त्याने परत केली नाही. ती त्याने जाळली, बुडवली की अजून कुठे खोक्यात आहे, मला कळलं नाही, आणि मी त्याला माफ केलेलं नाही. "मग मिळालं काय तुला?" तुमच्या बाबांनी विचारलं होतं. एक पान मिळालं. मला ते पुरेसं आहे, आणि ते मिळवताना मला मजा आली हे मी लपवत नाही. तुमच्याबद्दल कोणी खोटी ओळ लिहिली तर तुम्हीही गप्प बसू नका. फक्त प्रत काढून ठेवा, आणि जी माणसं तुम्हाला फोन करतात त्यांचे फोन उचला.

घर नाही. गल्ली नाही, तुमचे आजोबा नाहीत. जुना पूल आहे, त्याच्या खांबावर पट्टी आहे, आणि मी ती अजून वाचते. सातला पलीकडून फोन येतो. कपाटात वह्या आहेत, एक ते सोळा आणि अठरापासून पुढच्या. मधल्या जागेत मैत्रिणीची वही आहे.